बावीस दिवस

कागदावर नऊ वाक्यं होती. त्यांतल्या आठ वाक्यांना कर्ता नव्हता.

रुग्णास दाखल करून घेण्यात आले. औषधोपचार सुरू करण्यात आले. तिसऱ्या दिवशी रुग्णाच्या वर्तनात बदल दिसून आला. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी त्यास बांधून ठेवण्यात आले. इंजेक्शन देण्यात आले. वाचताना वाटत होतं की त्या वॉर्डात कोणी माणसं नव्हतीच. पट्टे आपणहून आले, सुई आपणहून आली आणि काम उरकून निघून गेली. माणूस फक्त एका वाक्यात होता. 'रुग्णाची पत्नी श्रीमती दमयंती बाळा डोर्लेकर यांनी रुग्णाच्या मद्यपानाबाबत खोटी माहिती दिली.'

दाखल केलं त्या दिवशीच्या फॉर्मवर माझी आई सौ. होती. तेवढा बदल मात्र कोणीतरी आठवणीने केला होता.

"सही इथे," रुग्णालय चालवणाऱ्या मंडळाचे कार्यवाह म्हणाले. ते निवृत्त मुख्याध्यापक होते आणि बोट ठेवून जागा दाखवायची सवय अजून गेली नव्हती. "आईंची सही, आणि साक्षीदार म्हणून तुमची. अकस्मात मृत्यूची नोंद झालीय, पोलिसांना आमचा अहवाल जातो. त्याला हे निवेदन जोडायचं."

"निवेदन आमचं आहे ना?"

"हो, नातेवाइकांचं."

"मग ते तुम्ही कसं लिहिलंत?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून, ताई. या दिवसांत कुठे लिहीत बसणार."

बाबांना जाऊन सोळा दिवस झाले होते. कार्यवाहांच्या शेजारी डॉक्टर विनीत बसले होते. वय माझ्याएवढंच, बत्तीस-तेहतीस. साठ खाटांना हा एक डॉक्टर. डोळ्यांखाली काळं, शर्टाच्या खिशात तीन पेनं. ते माझ्याकडे न बघता टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत होते.

मी कोर्टात जबाब टाइप करते. अकरा वर्षं झाली. साक्षीदार जे बोलतो आणि कागदावर जे उतरतं त्यांत किती अंतर पडू शकतं ते मला ठाऊक आहे. कधीकधी ते अंतर माझ्याच बोटांनी पडलेलं आहे. म्हणून तो कागद मी तीनदा वाचला. आईने ही सही केली तर तिच्या नवऱ्याच्या मरणाच्या कागदांत कायमचं एकच माणूस उरणार होतं, आणि ते माणूस आई असणार होतं. ती पूर्णगडला घरात बसून होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं, आणि तिने ते वाचू नये एवढीच माझी त्या क्षणी इच्छा होती.

"माहिती खोटी होती की नाही?" कार्यवाहांनी हळू आवाजात विचारलं.

"होती," मी म्हटलं.

*

बाबा तांडेल होते. पूर्णगडहून दुसऱ्याच्या मालकीची लाँच घेऊन जायचे, सहा-सात खलाशी हाताखाली. मी नववीत होते तेव्हा पहिल्यांदा ते समुद्रातून अर्ध्यावर परत आले. वायरलेसवर कोणीतरी त्यांना नाव घेऊन बोलावत होतं आणि पुढे खडक आहे असं सांगत होतं. सेटच्या समोर उभ्या असलेल्या खलाशाला काही ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा मालकाने लाँच काढून घेतली. मग ते किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांची फाटकी जाळी तुणायला लागले. लाँच सुटली तरी वायरलेस सुटला नाही. तो घरात वाजायला लागला, पंख्यात, कुकरमध्ये, आईच्या बांगड्यांत.

रत्नागिरीतल्या एका डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं. स्किझोफ्रेनिया. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी वायरलेस बंद व्हायचा, पण हात लाकडासारखे व्हायचे आणि जाळ्यातली सुई पडायची. दारूने हात सैल व्हायचे आणि वायरलेसही बारीक व्हायचा, दोन-तीन तास. बाबांनी दोन्हींचा हिशेब आपल्यापुरता मांडला होता. "गोळी म्हणजे सेट बंद," ते मला समजावून सांगायचे. "क्वार्टर म्हणजे आवाज कमी. बंद सेट घेऊन माणूस समुद्रात कसा जाईल, बाय?" आणि मी वाद घालायला लागले की हात वर करून म्हणायचे, "ओव्हर." म्हणजे त्यांच्या लेखी वाद संपला.

असं अठरा वर्षं चाललं. कधी गोळ्या जास्त, कधी दारू जास्त. शेवटची चार वर्षं दोन्ही जास्त.

त्या चार वर्षांत आम्ही त्यांना या आवारात पाच वेळा आणलं. शहराबाहेर कातळावर एका मंडळाच्या दोन इमारती आहेत. एक मनोविकार विभाग, दुसरं व्यसनमुक्ती केंद्र. मंडळ एकच, कार्यवाह एक, वीजबिल एक. मध्ये छातीएवढी चिऱ्याची भिंत, आणि त्या भिंतीला दार नाही. इकडून तिकडे जायचं तर फाटकातून रस्त्यावर यायचं, वळसा घालायचा आणि दुसऱ्या फाटकातून आत शिरायचं. इकडचा केसपेपर पिवळा, तिकडचा निळा.

पहिल्यांदा आम्ही पिवळ्या बाजूला गेलो. खिडकीतल्या कारकुनाने बाबांच्या तोंडाचा वास घेतला आणि म्हणाला, "हा पलीकडचा पेशंट. आधी दारू सोडवा. एकवीस दिवस कोरडा राहिला की इकडे आणा."

पलीकडे केंद्र बघणारा दीपकभाऊ होता. तो स्वतः दहा वर्षं पिऊन मग सुटलेला. मोठ्या मनाचा माणूस, आणि त्याहून मोठ्या आवाजाचा. त्याने बाबांना मिठी मारली, आईला नमस्कार केला आणि आमच्या पिशवीतली गोळ्यांची पाकिटं बाहेर काढून टेबलावर ठेवली.

"ताई, हे घरी न्या. आमच्याकडे गोळी चालत नाय. गोळी पण नशाच."

"ही झोपेची नाही, आजाराची आहे," मी म्हटलं. "ही बंद केली की त्यांना आवाज ऐकू येतात."

"सगळ्यांनाच येतात. मला पण यायचे. दारू गेली की आवाज जातात."

नवव्या दिवशी बाबांनी पंख्यातला वायरलेस बंद करायला म्हणून खाट उभी केली, पंखा उपटला आणि खिडकीची काच फोडली. दीपकभाऊचा फोन आला. त्याचा आवाज पडलेला होता. "ताई, हा आमचा पेशंट नाय ओ. हा पलीकडचा."

आम्ही त्यांना रस्त्यावरून वळसा घालून पलीकडे नेलं. पिवळ्या बाजूला कारकुनाने बोटं मोजली. नऊ. एकवीसला बारा कमी.

बाबा त्या दिवशी रस्त्याच्या मध्ये उभे राहून दोन्ही फाटकांकडे बघत हसले होते. "ह्या बंदरातला म्हणतो त्या बंदरात जा, त्या बंदरातला म्हणतो ह्या बंदरात ये. डिझेल कोण घालणार?"

आई म्हणाली, "चला आता. लोक बघतायत."

"बघू देत. तांडेल नसलेली होडी बघायला पैसे पडत नायत."

दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदाही. चौथ्या वेळी, गेल्या महिन्यात, आम्ही निळ्या बाजूच्या पायरीवर बसलो होतो तेव्हा दीपकभाऊ बाहेर आला आणि आमच्याजवळ टेकला. आवाज खाली करून बोलला. तसं बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"ताई, तुमचे बाबा खरे तिकडचेच. माझ्याकडे मरतील. एक काम करा. तिकडे जाऊन बावीस सांगा."

"काय बावीस?"

"दिवस. दारू सोडून बावीस दिवस झाले. एकवीस म्हटलं की तो कारकून तारीख विचारतो, मोजतो. बावीस म्हटलं की सोडतो. सगळे बावीसच सांगतात."

"आणि वास?"

"पेरूचा पाला चघळायला द्या. वर बडीशेप."

*

ते मी ठरवलं, आईने नाही. त्या दिवशी बाबांना घेऊन घरी परतलो; चार दिवसांनी आम्ही पूर्णगडहून गाडी केली, आणि पावस मागे पडल्यापासून भाट्याचा पूल येईपर्यंत मी आईकडून ते घोकून घेतलं. कधीपासून बंद? बावीस दिवस. घरात कोणी आणून देतं का? नाही. शेवटची कधी? गणपती गेले त्याच्या आसपास. आई शाळेतल्या पोरीसारखी उत्तरं देत होती. मागच्या सीटवर आमच्या दोघींच्या मध्ये बाबा पेरूचा पाला चघळत बसले होते. त्या दिवशी सकाळी त्यांनी एक क्वार्टर घेतली होती. त्याआधी कित्येक महिने रोज तीन-चार.

"बावीस?" ते म्हणाले. "माझा रेकॉर्ड नऊ हाय. तुम्ही मला एकदम कॅप्टन केलात."

"बाबा, तिथे हे बोलायचं नाही."

"नाय बोलणार. शेळीसारखा पाला खातोय, अजून काय करू?"

खिडकीवर माझं नाव विचारलं नाही. पत्नी कोण, एवढंच विचारलं. "शेवटची दारू?" आणि आई बोलली, "बावीस दिवस झाले." कारकुनाने मान वर न करता लिहिलं. मग डॉक्टर विनीतनी बाबांना हात पुढे करायला सांगितले. ते कापत होते. डॉक्टरांनी एक क्षण त्या हातांकडे बघितलं, मग कागदाकडे, आणि विचारलं, "थंडी वाजतेय का, काका?"

बाबा म्हणाले, "वारा हाय जरा."

पिवळा केसपेपर झाला. आई फाटकाबाहेर येऊन रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली आणि चार वर्षांत पहिल्यांदा रडली. सुटल्यासारखी. मलाही त्या दिवशी सुटल्यासारखंच वाटलं होतं, हे लिहायला हवं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांना भिंतीवर खेकडे दिसायला लागले. सगळं अंग थरथरत होतं, घामाने चादर भिजली होती, ते कोणालाही ओळखत नव्हते. वॉर्डाने गृहीत धरलं की जुनाच आजार वाढला. त्यावरचं इंजेक्शन दिलं, हातपाय बांधले. बांधलेल्या माणसाला झटके आले. सव्वा अकराला ते गेले. दुपारी एकला मला कोर्टात फोन आला. मी एका जमिनीच्या दाव्यातला जबाब टाइप करत होते.

मी नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं. इतकी वर्षं मी एका आजाराबद्दल मिळेल ते वाचत आले आणि दुसऱ्याला वाईट सवय समजत राहिले, म्हणजे मीही त्या भिंतीच्या एकाच बाजूला उभी होते. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असं होऊ शकतं, हे वैद्यकाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे. खेकडे, घाम, थरथर, झटके. त्यासाठी वेगळ्या गोळ्या असतात, पहिल्या दिवसापासून द्यायच्या. त्या दुर्मिळ नाहीत. दुसऱ्या आजारांसाठी त्या त्याच वॉर्डच्या कपाटात होत्या. बाबांच्या खाटेपासून आठ पावलांवर. मी मोजली.

*

"होती ना खोटी?" कार्यवाह म्हणाले. "मग या वाक्यात चूक काय आहे?"

"डॉक्टर," मी विचारलं, "त्यांचे हात कापत होते. तुम्हाला शंका आली नाही?"

"मॅडम, गोळ्यांनीही हात कापतात. रेकॉर्डवर बावीस दिवस होतं."

"ते आम्ही सांगितलं म्हणून."

"हो. आम्हाला नातेवाइकांवर विश्वास ठेवावा लागतो. आम्ही काय करणार? तुम्ही लोक खरं सांगत नाही. सगळेच बावीस सांगतात हो."

ते बोलून गेले आणि त्यांच्या लक्षात आलं. कार्यवाहांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. 

"सगळेच बावीस सांगतात," मी म्हटलं. "मग तुम्ही बावीस का लिहिलंत?"

"मी नाही लिहिलं, खिडकीवर लिहितात."

"तुम्ही वाचलंत. खोटं आहे हे माहीत असताना वाचलंत."

"आणि मी काय करायला हवं होतं?" डॉक्टर विनीतचा आवाज आता वर गेला. "आज सकाळी प्यायलाय असं लिहिलं असतं तर नियमाने मला त्यांना घेता आलं नसतं. पलीकडे पाठवावं लागलं असतं. तिकडे त्यांच्या गोळ्या बंद केल्या असत्या. मी बावीस चालवून घेतो म्हणून तरी लोक आत येतात."

त्यांचं खरं होतं. माझा संताप त्यामुळेच जास्त होता. समोर एक दुष्ट माणूस बसला असता तर बरं झालं असतं. इथे प्रत्येकजण उपकार करत होता. दीपकभाऊने आकडा सांगून उपकार केला, कारकुनाने मान वर न करून, डॉक्टरांनी हात बघूनही न बघून. आणि हे सगळे उपकार एकावर एक रचून त्यांच्याखाली माझा बाप मारला होता.

"आत येतात हे बरोबर," मी म्हटलं. "आत आल्यावर तुम्ही त्यांच्यावर बावीस दिवसांच्या माणसासारखे उपचार करता. मनात एक नि कागदावर दुसरं असेल, तर औषध तरी मनातल्यावर द्यायचं होतं."

 तीन पेनांतलं एक काढून डॉक्टरांनी पुन्हा खिशात ठेवलं.

कार्यवाहांनी कागद माझ्याकडे सरकवला. "घरी न्या. शांत डोक्याने विचार करा. आईंशी बोला. शेवटी तुम्हालाही प्रकरण वाढवून काय मिळणार?"

*

आईला तो कागद दाखवायचा नाही असं ठरवून मी घरी गेले आणि पोचल्यावर अर्ध्या तासात दाखवला. तिच्यासमोर मला काही लपवता येत नाही; तिला वाचायला वेळ लागतो, माझा चेहरा वाचायला लागत नाही.

ती ओटीवर बसून एकेका शब्दावर बोट ठेवत वाचत गेली. चौथ्या, बांधून ठेवल्याच्या वाक्यावर थांबली. मग पुढचीही वाचली.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "सही कुठं करू?"

"आई, तू सही करणार नाहीस. मी दुसरं लिहितेय. मी तुला शिकवलं, तू नुसतं बोललीस. तुझं नाव मी काढणार आहे."

"माझं नाव काढू नको."

"का?"

ती कागदाची घडी घालायला लागली. एक, दोन, तीन घड्या. मग म्हणाली, "मी दुसऱ्या दिवशी परत गेलेली."

"कुठे?"

"तिकडं. तू कोर्टात गेलीस. मला घरी बसवेना. खोटं बोलून आलेले मी, देवासमोर दिवा लावायला हात जाईना. एसटी पकडली नि गेले. भेटायला सोडत नव्हते. ती गोदूबाई हाय ना वॉर्डातली, आया, तिला बाजूला घेऊन सांगितलं. बोलले, बाय, ह्यांनी काल सकाळी घेतलेली. रोज घेत होते. आम्ही खोटं बोललो. डॉक्टरला सांग."

आई पुढे सांगत गेली.

"ती बोलली, वैनी, मला बोललात ते बोललात, आणखी कोणाजवळ बोलू नका. कागदावर आलं की उद्या बाहेर काढतील. परत पलीकडं. इतक्या मुश्किलीनं आत घेतलंय, राहू देत. मी बघते त्यांच्याकडं. पाणी देते, लक्ष ठेवते." आईने कागद मांडीवर ठेवला. "ठेवलंन गो तिनं लक्ष. शेवटपर्यंत होती. मला बोलली, हात सोडा म्हणून तिनं सांगितलं, पण आयाचं कोण ऐकतंय."

"तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी धावत डॉक्टरांकडे गेले असते असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कदाचित गेले असते. कदाचित आईला म्हटलं असतं, गप्प बस, आत घेतलंय ना. मला खरंच माहीत नाही.

"म्हणून म्हणते माझं नाव काढू नको," आई म्हणाली. "तू शिकवलंस, पण तोंड माझं होतं. आणि दुसऱ्या दिवशी मला खरं बोलायचं होतं नि मी गप्प घरी आले, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. माझ्या नवऱ्याच्या कागदावर माझा खोटेपणा राहू दे. फक्त माझाच कशाला? बाकीचे कुठं गेले?"

माझी आई सातवीपर्यंत शिकलेली आहे. तिला व्याकरण मी कधी सांगितलेलं नाही.

रात्र व्हायच्या आत आम्ही दोघींनी मिळून निवेदन लिहिलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेले, कोर्टात लिहिते तसं, पण या वेळी तिचं एकही वाक्य मी सरळ केलं नाही. मी पत्नीला खोटं बोलायला शिकवलं, मी म्हणजे मुलगी समीक्षा. पत्नी खिडकीवर खोटं बोलली. ते खोटं सगळेच बोलतात हे डॉक्टरांना माहीत होतं, असं त्यांनी अमुक तारखेला कार्यवाहांसमोर स्वतः सांगितलं. कारकुनाने तारीख विचारली नाही. मंडळाने एकवीस दिवसांचा नियम केला आणि पलीकडच्या इमारतीत मनोविकाराच्या गोळ्या बंद करण्याचाही नियम केला. दोन्ही आजार एकाच माणसात असले तर त्याने कुठे जायचं हे मंडळाने आजपर्यंत कुठेही लिहिलेलं नाही.

गोदूबाईपाशी आम्ही अडकलो.

"तिचं नाव नको," आई म्हणाली. "तिची नोकरी जाईल. नवरा नाय तिला."

"मग तू सांगितलंस ते कसं लिहू?"

"बघ तू. तुझं काम हाय ते."

 मग मी लिहिलं: 'दुसऱ्या दिवशी खरी माहिती वॉर्डात सांगण्यात आली.' माझ्या हाताने लिहिलेलं, कर्ता नसलेलं वाक्य. त्या वाक्याची मला लाज वाटली, अजून वाटते. पण मी ते खोडलं नाही.

*

सोमवारी आम्ही दोघी गेलो. खिडकीवर तोच कारकून. मी दोन प्रती आत सरकवल्या आणि म्हटलं, एकीवर आवक क्रमांक टाकून, शिक्का मारून मला परत द्या.

त्याने पहिलं पान वाचलं. मग पहिल्यांदाच मान वर केली.

"हे मला घेता येणार नाही. साहेबांना विचारावं लागेल."

"विचारा."

"साहेब अकराला येतात."

"आम्ही बसतो."

साहेब, म्हणजे कार्यवाह, अकराला आले. त्यांनी निवेदन उभ्यानेच वाचलं आणि बाहेर येऊन आईसमोर थांबले. "बाई, हे तुम्ही स्वतःविरुद्धच लिहिलंय. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," आई म्हणाली.

"उद्या पोलिसांनी तुम्हालाच विचारलं तर?"

"सांगेन. तुम्हाला विचारलं तर तुम्ही पण सांगा."

ते आत गेले. शिक्का आला नाही. कारकून म्हणाला, साहेब फोनवर आहेत. मग म्हणाला, साहेब वकिलांशी बोलतायत. बाकावर आमच्या बाजूला माणसं येत होती, नंबर लागला की उठत होती. प्रत्येक वेळी खिडकीतून तोच प्रश्न यायचा आणि तेच उत्तर जायचं. दीड तासात मी तो आकडा चार वेळा ऐकला. बावीस. बावीस. एक म्हातारा बिचारा चुकून तेवीस म्हणाला.

साडेबाराच्या सुमाराला एक बाई नवऱ्याला घेऊन आली. लांजा की राजापूर बाजूची असावी, बोलण्यावरून वाटलं. पंचविशीची. नवरा भिंतीला टेकून उभा होता, स्वतःशी हसत होता, आणि त्याच्या हातातली पाण्याची बाटली थडथड वाजत होती. ती बाई आईशेजारी बसली आणि तिने हळूच विचारलं, "मावशी, हितं किती दिवस सांगायचे असतात?"

 मी बोलणार होते, पण काय बोलणार होते ते माझं मलाच ठरवता येत नव्हतं. खरं सांग म्हणावं तर तिला रस्त्यावर काढणार. बावीस म्हणावं तर... मी आईकडे बघितलं.

आई त्या माणसाच्या हातांकडे बघत होती.

"कधी प्यायला?" तिने विचारलं.

"सकाळी. गाडीत बसायच्या आधी."

"रोज घेतो?"

"रोज."

"आणि डोक्याचं?"

"ते लग्नाआधीपासूनचं हाय. मला नंतर कळलं."

"मग तसंच सांग," आई म्हणाली. "सकाळी प्यायला, रोज पितो, डोक्याचं पण हाय. सगळं सांग."

"घेतील काय?"

"नाय घेणार. पलीकडं जा म्हणतील. तू जाऊ नको. हितंच बस." आईने तिच्या मनगटावर हात ठेवला. "मी बावीस बोललेले. माझा माणूस तिसऱ्या दिवशी गेला. तू बस. मी बसते तुझ्यासोबत, मला आज कुठं जायचं नाय."

ती बाई आईकडे बघतच राहिली. घाबरली होती. तिने हात सोडवून घेतला, आणि मला वाटलं ती आता उठून लांब जाऊन बसेल. तेवढ्यात खिडकीतून नाव पुकारलं गेलं. ती नवऱ्याला घेऊन पुढे झाली.

"शेवटची दारू?" कारकुनाने विचारलं. पेन कागदावर टेकलेलं होतं.

तिने मागे वळून आईकडे बघितलं. 

"आज सकाळी," ती म्हणाली.

कारकुनाने पेन उचललं. "मग इकडे नाही. बाहेर जा, वळसा घालून पलीकडच्या फाटकातून—"

"ती जाणार नाय," आई बाकावरूनच म्हणाली. "डॉक्टरना बोलवा. तिने खरं सांगितलंय, तेवढं लिहा, आणि डॉक्टरना बोलवा."

"आई, तुमचा काय संबंध?" कारकून म्हणाला.

 आई बाकावर सरकली, त्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला बसता येईल एवढी जागा केली, आणि मला म्हणाली, "बाय, त्याच्या हातातली बाटली घे. सांडतेय."

ती दोघं आईशेजारी बसली; मी बाटली घेतली. आत डॉक्टर विनीतच्या खोलीचं दार उघडलं होतं. ते दारात उभे होते, आणि या वेळी ते कागदाकडे बघत नव्हते, त्या माणसाच्या हातांकडे बघत होते. ते पुढे येतील की दार लावून घेतील ते कळत नव्हतं. आम्ही चौघंही बसून राहिलो.